मंगळवारचं बिनफोडणीचं वरण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या पोरांना नाही, गावच्या मातामाय देवीच्या ओट्यावर तर नाहीच — तिच्यासमोर कोणत्या तोंडानं सांगणार? एकदा, फक्त एकदा, एका माणसाच्या कानात बोलले होते. पण ते सांगणं धरायचं नाही. का धरायचं नाही ते पुढे येईल, आणि आलं की तुम्ही मला हसाल. हसा. मीही हसते. चौसष्ट वर्षांची बाई तेवीस वर्षांच्या बाईला हसते, यात कुणाच्या बापाचं काय जातं?

तर आधी त्या तेवीस वर्षांच्या बाईकडे बघू. बघण्यासारखीच होती म्हणा. खामगावची मुलगी, मॅट्रिक पास, सोनाळ्याला सून म्हणून आलेली. नवरा संग्रामपूरला कचेरीत कारकून — सकाळच्या एसटीनं जायचे, दिवेलागणीला परत. गल्लीतल्या बायका ‘मले’ म्हणायच्या आणि ही ठसक्यात ‘मला’ म्हणायची. खामगावात तरी कोण ‘मला’ म्हणत होतं? माझी आई जन्मभर ‘मले’ म्हणत मेली. पण सोनाळ्यात पाऊल टाकल्या दिवसापासून मी जशी काही पुण्याहून आले होते.

दोन पोरं. प्रकाश साडेतीन वर्षांचा, मंजू एक वर्षाची. दोन्ही गोरीगोमटी, गुबगुबीत, दंडाला वळ्या. आणि त्यांना कधी काही होत नसे. सर्दी नाही, पडसं नाही. त्यात माझी काही करामत नव्हती हो, त्यांची तब्येतच तशी होती. पण हे मला कोण सांगणार? दुपारी आमच्या घरच्या ओट्यावर चार बायका जमल्या की मी शिकवण्या घ्यायची. पाणी असं उकळायचं, नखं अशी कापायची. आणि शेवटी एक वाक्य — ते मी स्वतः घडवलं होतं, फार आवडायचं मला — ‘लेकरू आजारी पडतं ते आईच्या आळसानं.’

हे वाक्य खरं तर एकाच बाईसाठी होतं. कमलसाठी.

कमल माझी शेजारीण. मधे एक भिंत, तीही कमरेएवढी. तिच्या घरचा वांग्या-मिरच्यांचा मळा. पहाटेपासून ती मळ्यात राबायची आणि तिची पोरगी रेखा, दोन वर्षांची, बांधावर लुगड्याच्या झोळीत. रेखाचं नाक सदा वाहतं, हातपाय काड्या. मी तिला ‘शेंबडी’ म्हणायची — लाडानं, असं मी तेव्हा स्वतःला सांगायची. कमलला राग यायचा नाही. उलट मलाच विचारायची, ‘वैनी, तुमचे लेकरं कसे काय व इतके गुटगुटीत? काय चारता?’ मग काय, माझी छाती चार बोटं फुगायची.

त्या वर्षी गावच्या उपकेंद्रात निरोगी बालक स्पर्धा ठरली. काट्यावर वजन करणार, डॉक्टरसाहेब तपासणार, पहिल्या नंबराला स्टीलचा डबा. मी मंजूचं नाव पहिल्याच दिवशी दिलं. आणि स्पर्धेला चार दिवस उरले असताना सिस्टर दारात आल्या. गोवराची लस तेव्हा नवीनच आली होती. घरोघर जाऊन टोचत होत्या. कमल त्या दिवशी मळ्यात, म्हणून तिचं दार बंद. माझं उघडं.

मला लस नको होती असं नाही. अडाणी नव्हते मी. पण प्रकाशला मागे एक सुई टोचली होती, तेव्हा तो दोन दिवस तापानं किरकिरत होता, अंगावरचं पीत नव्हता, खात नव्हता. मंजूला तसं झालं तर? काट्यावर पाव किलो कमी भरली तर? मी सिस्टरला म्हणाले, ‘आमच्या दोघांनाही माहेरी देऊन आणली. खामगावला. मोठ्या दवाखान्यात.’ त्यांनी रजिस्टरमध्ये लिहून घेतलं आणि पुढच्या दाराला गेल्या. केवढं सोपं होतं ते! एक घोट पाणी प्यावं तसं.

मंजूचा पहिला नंबर आला. तो डबा अजून माझ्याकडे आहे, त्यात साखर असते. पडला नाही, पिचला नाही. काही काही वस्तू उगाच फार टिकतात.

मग चैत्र लागला आणि प्रकाशला ताप आला. पाठोपाठ मंजूला. डोळे लाल, कोरडा खोकला, नाक वाहतंय — माझ्या पोरांचं नाक! आणि एका सकाळी प्रकाशला अंघोळीला उघडा केला तर कानामागून लाल पुरळ उतरत होती. ओळखायला मॅट्रिक लागत नाही.

आमच्याकडे गोवराला गोवर म्हणत नाहीत. माय आली म्हणतात, म्हणजे मातामाय. घरात माय आली की दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधायचा, म्हणजे येणारा बाहेरूनच मागे फिरतो. आणि घरात फोडणी द्यायची नाही. तेल कडकडलं की मायला चटके बसतात आणि ती तो राग लेकरावर काढते. ती जाईपर्यंत बिनफोडणीचं वरण, भात, दही. गल्लीतल्या कोणत्या घरी माय आली हे आम्हा बायकांना सांगावं लागत नाही. त्या घरातून फोडणीचा वास येत नाही, बस. नाकालाच कळतं.

सासूबाई घरी असत्या तर त्यांनीच डहाळा बांधला असता. पण त्या नणंदेच्या बाळंतपणाला उंद्रीला गेलेल्या. घरात मी एकटी शहाणी. आणि मी विचार करत बसले — डहाळा बांधला तर? संध्याकाळपर्यंत अख्ख्या सोनाळ्याला कळणार, पहिल्या नंबराच्या पोरीला माय आली. सिस्टरला कळणार की खामगावची लस म्हणजे थाप होती. आणि ओट्यावरच्या त्या चार बायका — त्यांना माझं वाक्य पाठ होतं. मीच पाठ करून घेतलं होतं ना?

मी डहाळा बांधला नाही. फोडणी दिली.

अशी तशी नाही. स्टोव्ह उचलून खिडकीपाशी आणला, कमलच्या अंगणाकडच्या. तेल धूर येईपर्यंत तापवलं, त्यात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, हिंग, आणि वरून दोन लाल मिरच्या. चर्र आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. पाच दिवस, दोन्ही वेळा. पोरं तर पेजेशिवाय काही घेत नव्हती, ते सगळं वरण मीच गिळायची. आणि यात एक सोय होती, ऐका — पोरं खोकली की मी खिडकीतून हसून म्हणायची, ‘फोडणीचा ठसका लागला हो!’ डोळे लाल दिसले तरी फोडणीच. कळतंय ना काय करत होते मी? तापानं सोललेल्या माझ्याच लेकरांच्या घशात मिरचीचा धूर घालत होते, आणि माझं नाक वर ठेवत होते.

यांनी विचारलं, हे काय अंगावर? मी म्हटलं, घामोळ्या. यांनी मान हलवली. कचेरीतला माणूस, कुणी ठामपणे सांगितलं की खरं मानायची सवय.

भीती वाटली नाही का? वाटली ना.  मनातल्या मनात म्हणायची, ‘माय, तुले नाही व, त्या बायांले दाखवाचं हाय.’ तेव्हा बरोबर ‘तुले’ निघायचं तोंडातून.

आणि मायनं काही केलं नाही. पुरळ आली तशी मावळली. आठव्या-नवव्या दिवशी प्रकाश उठून अंगणात गेला. मंजू वाळून अर्धी झाली होती, पण हसली. हे नीट लक्षात ठेवा. पाच दिवस फोडणी पडली, आणि माझी पोरं बरी झाली. हे सबंध गावात फक्त मला माहीत होतं.

पण मधल्या तिसऱ्या दिवसाचं राहिलं. मुद्दाम राहू दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कमल भिंतीपाशी आली, कडेवर रेखा, डोक्यावर वांग्यांची पाटी. बाजाराचा दिवस. म्हणाली, ‘वैनी, आज पोरीले तुमच्यापाशी ठेवू का? उन्हाचं बाजारात कुठं नेऊ तिले.’ माझ्या हातात पळी, मागे फोडणीचा धूर. ज्या घरात फोडणी पडते त्या घराला नाही म्हणायला काय कारण? मी एक सेकंद थांबले असेन. एकच. मग हात पुढे केले. रेखा दिवसभर मंजूच्या शेजारी, एका गोधडीवर होती. एका वाटीतून दोघींना पाणी पाजलं मी. उकळलेलं.

दहा-बारा दिवसांनी कमलच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला.

तिनं सगळं नीट केलं. फोडणी बंद, तळण बंद, दारात पाण्याचा सडा. पोरीच्या उशाला निंबाचा पाला. मळ्यात जाणं सोडलं. फक्त एकदा चुकली. तिचा बाप, म्हातारा, उन्हातून चालत तिच्याकडे आला. दुपारची वेळ, त्याच्या पोटात सकाळपासून काही नाही, त्याला बिनफोडणीचं घशाखाली उतरेना. तिनं त्याच्यापुरत्या वरणावर एक पळी जिऱ्याचं तेल ओतलं. एक पळी.

चार दिवसांनी रेखाचे दोन्ही कान वाहू लागले.

कमल माझ्याकडे आली. आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली, आत आली नाही — माय असलेल्या घरातली बाई दुसऱ्याच्या घरात शिरत नाही, तिला तेवढं कळत होतं. म्हणाली, ‘वैनी, मी बुढ्यासाठी फोडणी देल्ली. त्याच्यानं झालं काय व? तुम्ही शिकेल हा, सांगा ना.’

आता बोला. काय करायचं होतं मला? एवढंच सांगायचं होतं की बाई, फोडणीनं काही होत नाही, मी पाच दिवस दिली, आणि पोरीला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने. फार तर गल्ली चार दिवस हसली असती. पण फोडणीनं झालं नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता — मग आलं कुठून? गावात आणखी कुणाकडे माय नव्हती. रेखा कुठं होती त्या बाजाराच्या दिवशी?

मी म्हणाले, ‘हो. फोडणीनंच. तुला कळायला पाहिजे होतं, कमल.’

हीच ती गोष्ट. इतकी वळणं घेऊन इथवर आले. लस चुकवली ती हाव होती, रेखाला आत घेतलं ते भेकडपण. पण हे वाक्य मी विचार करून, तिच्या डोळ्यांत बघून बोलले. वर ‘तुला कळायला पाहिजे होतं’ हे शेपूट मी कशाला जोडलं? ते नसतं तरी चाललं असतं की. पण नाही, शिकवणी अर्धी कशी सोडायची?

कमल डॉक्टरकडे गेली नाही. चूक मायपाशी झाली तर माफीही मायपाशीच मागायची. रोज सकाळी मातामायच्या ओट्यावर पाणी घालायची, ओल्या लुगड्यानं. आणि नवस बोलली — जन्मभर मंगळवारी माझ्या घरात फोडणी पडणार नाही, पोरीचे कान राखा.

महिन्याभरानं सिस्टर आल्या. मंजूला काट्याच्या झोळीत ठेवलं. काटा जिथं थांबला तिथं दोघींनी पाहिलं. मग त्यांनी मंजूच्या पाठीवरून बोट फिरवलं, तिथं कातडीचा कोंडा निघत होता, काळपट डाग होते. हळूच म्हणाल्या, ‘खामगावचीच लस ना, वहिनी?’ आणि रजिस्टरमधली माझी ओळ खोडली. कुणाला काही सांगितलं नाही त्या बाईनं. त्यांनी मला गल्लीत उभं करून झाडलं असतं तर मी भांडले असते, जिंकलेही असते कदाचित. पण ती खोडलेली ओळ — तिच्याशी काय भांडणार?

रेखाचे कान त्यांनीच बघितले आणि कमलला हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी आणायचं होतं. उजवा कान निम्मा वाचला. डावा गेला.

लोक म्हणतील, लहान वय होतं. तेवीस म्हणजे लहान? दोन पोरांची आई होते. लोक म्हणतील, काळ तसा होता, अज्ञान होतं. अज्ञान कमलचं होतं. मला तर सगळ्या गावापेक्षा जास्त माहीत होतं, तेच तर माझं पाप. आणि कुणी म्हणेल, तेव्हापासून तुम्ही नम्र झाला असाल. छे! मी आजही माझ्या नातवंडांचं वजन फोनवर विचारते आणि ओट्यावर बसून सगळ्यांना सांगते. फक्त ते एक वाक्य पुन्हा तोंडातून निघालं नाही. पुण्याहून सून परवा म्हणाली, ‘आई, आमच्या मुलांना कधी काही होतच नाही.’ मी फोन कानापासून दूर धरला. जरा वेळानं परत लावला.

आता ते कानातलं. रेखाचं लग्न गावातच झालं. मांडवातून निघताना ती माझ्या गळ्यात पडली आणि मला काय झालं कोण जाणे — मी तिच्या कानात बोलले, ‘रेखा, तुझा कान माझ्यामुळं गेला गं.’ स्पष्ट बोलले. तिनं माझा हात दाबला आणि म्हणाली, ‘हाव काकू, तुम्ही जेवून घ्या आधी.’ डावा कान होता. मला माहीत होतं डावा आहे. चांगलं बघून, निवडून डाव्या कानात बोलले होते. घरी येऊन दोन दिवस मला वाटत राहिलं की मी सांगितलं! आहे की नाही हुशार बाई?

रेखा आता मिरचीची रोपं करून विकते. सोनाळ्यातली निम्मी मिरची तिच्या हातची. गिऱ्हाईक बोलू लागलं की मान वळवून उजवा कान पुढे करते. माझ्याशी बोलतानाही. ‘काकू, इकडून बोला.’ चाळीस वर्षं ऐकतेय मी हे.

आणि चाळीस वर्षं दर मंगळवारी कमल भिंतीवरून मला एक वाटी बिनफोडणीचं वरण देते. प्रसाद म्हणून. तिला वाटतं, तिच्या नवसाच्या दिवसात मी तिच्या सोबत होते. मी ते खाते. पाणचट, पिवळं, वर काही नाही. शेवटच्या थेंबापर्यंत खाते, वाटी धुऊन परत देते.

हेही चाललं असतं. खरं सांगू, मेले असते तरी बोलले नसते. पण मागच्या मंगळवारी कमलकडे जेवायला होते. रेखा कामात होती. रेखाची नवी सून, जेमतेम वीस वर्षांची, आजेसासूच्या मदतीला आलेली, चुलीपाशी. तिनं डाळीसाठी तेल ठेवलं आणि कमलनं तिचा हात धरला. म्हणाली, ‘आज मंगळवार हाय, माय. माझ्यामागं हे तुलेच चालवाचं हाय.’ पोरीनं विचारलं, ‘काऊन?’ कमल म्हणाली, ‘माझ्या हातानं तुह्या सासूचा कान गेला.’

असं म्हणाली. ‘भाजी महाग झाली’ म्हणावं तशा आवाजात. ती पोर माझ्याकडे वळली — ‘खरं काय, आजी?’

आणि मी? मी मीठ मागितलं.

घरी येऊन हे लिहायला घेतलं. डोळे चुरचुरतात, ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं आहे. त्याचा दुसरा अर्थ काढू नका. लिहून झालं की कागद रेखाच्या हातात देणार आहे, तिच्या आईसमोर आणि त्या नव्या पोरीसमोर. पंचायत होईल. होऊ दे. भिंत कमरेएवढी आहे ती छपराएवढी बांधतील, बांधोत, विटा मी देईन. वाटी येणार नाही, तर न येवो. मला माफ करा असं मी यात कुठंही लिहिलेलं नाही, शोधू नका.

रेखा, हे कागदावर आहे, म्हणजे इकडून बोलतेय. माझ्या घरात माय आली होती, मी ती लपवली, आणि तू तिथून आजारी पडलीस. मी पाच दिवस फोडणी दिली आणि माझ्या पोरांना काही झालं नाही. तुझ्या आईनं एक पळी दिली. तिच्या हातानं काही गेलं नाही.